व्हॉट्सॲपचा फोन लागणार नाही, म्हणून हे पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ऑफिसातल्या एका काकांचं घर चिपळूणजवळच्या खेर्डीला आहे. ते सुट्टीवर येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर सांगितलं की बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि आई "तू आल्यावर दाखव" म्हणते. आता आल्यावर दाखवणं लवकर जमणार नाही, म्हणून कागदावर. दुसरं पान फ्रीजवर चिकटवा, हे पान तुमच्यापाशी ठेवा.

दुबईतल्या नोकरीचा दोन वर्षांचा करार आहे, सही झाली आहे, व्हिसाही लागला आहे. जावं की नाही हा विषय पुन्हा काढत नाही. एवढंच सांगते की हिशेब मी तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. दादाचं पुण्याचं घर, बाबांचे गुडघे, आणि दहा वर्षं "बघू" म्हणत राहिलेला इन्व्हर्टर, हे सगळं त्यात धरलं होतं. मी दुबईतल्या करामा वस्तीत राहते. इथे खालच्या दुकानात तूरडाळ, पोहे, आमसुलं, आईचा ठरलेला हिंगाचा डबा, सगळं मिळतं. खोलीला एसी आहे, पिण्याचं पाणी बाटल्यांतून येतं, बसस्टॉप दारात. मी जेवते. उपाशी झोपत नाही. आता मुद्द्यावर येते.

आई, तू रोज रात्री व्हॉट्सॲपवरचं हिरवं बटण दाबतेस आणि मी उचलत नाही, असं तुला वाटतं. मी उचलते गं. इथे व्हॉट्सॲपचे निरोप, फोटो, व्हॉइस नोट सगळं चालतं, पण त्यावरून बोलता येत नाही, ना आवाजाने ना व्हिडिओने. इंटरनेटवरून कुठल्या ॲपने कॉल चालू द्यायचे ते इथलं दूरसंचार खातं ठरवतं, आणि व्हॉट्सॲपला ती परवानगी नाही. म्हणून फोन 'कनेक्टिंग'वर अडकतो किंवा उचलला तरी आवाज येत नाही. ना तुमचा फोन बिघडलाय, ना मी रुसलेय.

मामाचा धाकटा तुम्हाला व्हीपीएन, म्हणजे आपण कुठून जोडलोय ते लपवणारं ॲप, टाकून देईल, त्याला तेवढाच उत्साह असतो. त्याला सांगा, नको. ज्या गोष्टीला इथे मनाई आहे ती करायला व्हीपीएन वापरलं तर २०२१ च्या सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. इथे राहते मी, तो नाही. बोटिम नावाचं ॲप इथे पुष्कळ जण वापरतात, पण त्यात बोलण्याशिवाय पैसे पाठवायची वगैरे बरीच बटणं आहेत. बाबा एखाद दिवशी चुकून काहीतरी दाबतील. आणि बाबा, तुमचं स्काईप मे २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. आत्याशी बोलायला ठेवलेलं ते निळं चिन्ह आता काढून टाका.

आपण गूगल मीट वापरायचं. इथे त्याला परवानगी आहे, फुकट आहे, आणि बाबांच्या फोनमध्ये ते आधीपासून आहे. मात्र मीटमध्ये माझा नंबर शोधून थेट फोन लावू नका, कायम लिंकवरूनच या. मी कॅलेंडरमधून रोज रात्री ९ ची बैठक लावली आहे. तिची लिंक रोज तीच राहते, नवी शोधायची नाही. ती मी व्हॉट्सॲपवरच्या आपल्या 'घर' ग्रुपच्या वर्णनात टाकली आहे. ग्रुप उघडा, वर ग्रुपच्या नावावर टिचकी मारा, निळ्या अक्षरातल्या लिंकवर बोट ठेवा, मग 'जॉइन' दाबा. एवढंच. चॅटमध्ये टाकलेली लिंक सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते, वर्णनातली जागेवर राहते.

पहिल्यांदा मीट कॅमेरा आणि माइक वापरू का विचारेल. दोन्हीला 'अलाउ' म्हणा. चुकून नाही म्हटलंत तर मला तुम्ही दिसणार नाही, आणि बाबा तासभर लाइनमनला शिव्या घालतील. ते दुरुस्त करायला सेटिंग्ज, ॲप्स, मीट, परमिशन्स या क्रमाने जा आणि दोन्ही चालू करा. बाबांचं जीमेल मी बैठकीत घातलं आहे, तेव्हा त्याच जीमेलने या. दुसऱ्या जीमेलने आलात तर तुम्ही दाराबाहेर उभे राहाल आणि मला आत घ्यावं लागेल.

एक अगदी नेहमीची चूक. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही फोनवरून एकाच खोलीत बसून येऊ नका. एका फोनचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि किंचाळल्यासारखी शिट्टी वाजते. एकच फोन घ्या, तो पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर ठेवा आणि दोघंही समोर बसा. फोन कानाला लावू नका बाबा, मला कान दिसतो. माइकचं चिन्ह लाल दिसलं तर तुमचा आवाज बंद आहे. त्यावर एकदा बोट ठेवलं की सुरू होतो.

आपण दोन फोन असलो तर वेळेची चिंता नाही. पण रविवारी दादा आला की तीन होतात आणि ६० मिनिटांनी बैठक आपोआप तुटते. घाबरू नका, भांडणही समजू नका. तीच लिंक पुन्हा दाबायची. घरच्या वाय-फायवर डेटा मोजायचं कारण नाही. बाहेर असाल, तर मात्र कॅमेरा बंद करून नुसतं बोला, कारण तासभराच्या व्हिडिओला अर्धा-एक जीबी सहज जातो.

वेळेचं सोपं आहे. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं आणि वर्षभर तेवढंच राहतं. तुमचे रात्रीचे ९ म्हणजे माझे साडेसात. मी तोवर घरी आलेली असते आणि आईची साडेआठची मालिकाही संपलेली असते, मुद्दाम तसं बघूनच ठरवलं. शनिवार-रविवार सुट्टी असते. पूर्वी शुक्रवारी असायची, ती २०२२ पासून बदलली, म्हणून शुक्रवारी दुपारी "आज सुट्टी ना?" म्हणून वाट बघू नका.

आई, तुझ्यासाठी व्हॉइस नोट सगळ्यात बरी. माइक दाबून धरायचा आणि बोट वर सरकवायचं, म्हणजे कुलूप लागतं आणि बोट उचललं तरी चालतं. मग भाजी निवडत बोल. मिनिटभराच्या बोलण्याला एका फोटोएवढाच डेटा लागतो. माझी ऐकताना फोन कानाजवळ नेलास की आवाज बारीक होतो, कारण तो वरच्या छोट्या स्पीकरवर जातो. लांब धर, मोठ्याने ऐकू येईल. तू मला शाळेत सोडायला यायचीस तेव्हा वाटेत जे काय सांगायचीस ना, तसलं काहीही चालेल. कोण आजारी, कोणाच्या आंब्याला मोहोर आला, मांजरीने किती पिल्लं घातली.

आता पावसाळ्याचं, आणि हे नीट वाचा. जुना काळा फोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची. आता फोन आणि नेट दोन्ही फायबरच्या पांढऱ्या डब्यावर आहेत, आणि तो डबा आपल्या विजेवर. लाइट गेली की दोन्ही मुके. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्या, दीड-दोन हजारांत मिळतो. नेण्याआधी डब्याच्या ॲडॉप्टरवर आउटपुटसमोर काय छापलंय ते लिहून घ्या. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, बहुतेक १२ असतील. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. कमी घेतलात तर डबा सारखा बंद-चालू होत राहील. पिनही लावून बघा, जाडी जुळत नाही कधी कधी. चांगला असेल तर तीन-चार तास निघतात.

डब्यावर 'एलओएस'चा दिवा लाल लुकलुकला तर बाहेर कुठेतरी वायर तुटली आहे. तेव्हा बंद-चालू करून काही होत नाही, सरळ तक्रार नोंदवा. दिवे हिरवे आहेत आणि तरी नेट नाही, तेव्हाच स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि सुरू करा. मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नसते तिथे फोनच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू ठेवा. साधा फोनही मग घरच्या वाय-फायवरून लागतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

हे सगळंच बंद पडलं, २०२१ च्या जुलैतल्या पुरासारखं, तर मिस्ड कॉल. माझा इथला नंबर मी दोघांच्या फोनमध्ये अधिक ९७१ लावून घातलाय, तो तसाच राहू द्या. कोणाच्या फोनवरून हाताने लावायचा झाला तर ००९७१, आणि मग माझा नंबर सुरुवातीचं शून्य गाळून. ते शून्य राहिलं की "हा क्रमांक अस्तित्वात नाही" ऐकू येतं. दोन रिंग झाल्या की ठेवा, मी उचलणार नाही. एक मिस्ड कॉल म्हणजे सवडीने लाव, पाठोपाठ दोन म्हणजे आत्ता लाव. मी लगेच त्याच मोबाइलवर करीन. माझ्या महिन्याच्या पॅकमध्ये परदेशी मिनिटं येतातच, तेव्हा एसटीडी बूथमध्ये बाबा लाल आकड्यांकडे बघत बोलायचे तसं बोलायचं नाही. फक्त मोबाइलवर आयएसडी, म्हणजे परदेशी फोनची सोय, चालू असायला हवी आणि थोडा टॉकटाइम शिल्लक हवा, कारण अनलिमिटेड पॅकमध्ये परदेशी फोन धरत नाहीत. टॉपअप मी इथून मारून ठेवलाय. घरच्या फोनवरचं आयएसडी बाबांनी बंद करून घेतलंय, ते बंदच असू द्या.

माझ्या जुन्या भारतातल्या नंबरवर फोन करू नका. तो बँकेच्या ओटीपीपुरता ठेवलाय. त्यावर येणारे मेसेज मला फुकट मिळतात, पण फोन उचलला तर रोमिंगचे पैसे मला लागतात. बाबा, त्याचं रिचार्ज तुमच्याकडे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि मग बँकेची कटकट मला तिथे येऊन निस्तरावी लागेल. कॅलेंडरवर लाल पेनाने तारीख लिहा, गॅस सिलिंडरची लिहिता तशी.

अनोळखी परदेशी नंबरवरून एकच रिंग येऊन बंद झाली तर उलट फोन लावायचा नाही. तो माझा नसतो. त्या नंबरांना मिनिटाचा दर भलताच असतो. आणि कोणी सांगितलं की तुमची मुलगी पकडली गेली, पैसे भरा, किंवा माझ्याच आवाजात रडून कोणी पैसे मागितले, तर आपला शब्द विचारा. गोठ्यात शेवटी जी राहिली होती तिचं नाव. इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाहीच. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. लाजायचं नाही, मला लपवायचंही नाही.

आता जे लिहायला जड जातंय ते. बाबांच्या छातीत दुखलं, आई पडली, असं काही झालं तर मला पहिला फोन करू नका. आधी १०८. मग शेजारी, त्यांच्याकडे गाडी आहे आणि मी त्यांच्याशी बोलले आहे. मग दादा. मला सगळ्यात शेवटी. मी इथून ॲम्ब्युलन्स बोलावू शकत नाही, आणि मला सगळं सांगण्यात जी दहा मिनिटं जातील ती तिथे हवी आहेत. विमान तीन तासांचं आहे, पण पुढचा मुंबई ते चिपळूणचा हायवे तुम्हाला माहीत आहेच. मी निघेनच, विचारणार नाही, फक्त पोहोचायला वेळ लागेल. वाईट वाटून घेऊ नका. १०८, शेजारी, दादा, मी, हा क्रम दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय, चष्मा नसला तरी दिसेल.

बाबा, रविवारी सकाळी बीपी मोजून त्या आकड्यांचा फोटो पाठवा. "नॉर्मल आहे" असं टाइप केलेलं चालणार नाही. संध्याकाळची गोळी जेवणानंतर, मालिकेनंतर नाही. आई, गीझर बंद केल्याशिवाय अंघोळीला जायचं नाही.

तुमची,
मनी

ता. क. आई, सोलकढीचं प्रमाण व्हॉइस नोटमध्ये पाठव. किती आमसुलं, किती पाणी, एका नारळाला मीठ किती. "अंदाजाने" म्हणू नकोस, मी इथे मोजायची वाटी आणली आहे.