माऊसला हात न लावल्याबद्दल

संदर्भ विभागात खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीस,

नाव घालू नका म्हणालीस, म्हणून घातलं नाही. पण नुसतं तोंडी "थँक्यू" म्हणून माझं समाधान होईना. काल एका प्राध्यापकांचा फोन आला. "मॅडम, हा लेख तुम्हाला परवाच कसा मिळाला? छापील अंक तर अजून यायचाय." मी अगदी सहज म्हटलं, "फीडमध्ये आला." फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले.

तुझ्याआधी तिघांनी मला हे आरएसएस फीड, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं लिखाण आपोआप आपल्याकडे आणणारी सोय, "शिकवलं" होतं. एका कार्यशाळेत पहिल्या दहा मिनिटांतच एक्सएमएल, सिंडिकेशन आणि ॲग्रीगेटर अंगावर आले. मी शंका विचारली, तर व्याख्याते म्हणाले, "अहो, आरएसएस म्हणजे रिअली सिंपल सिंडिकेशन. नावातच सिंपल आहे!" सभागृह हसलं. मीही हसले, काय करणार. मग एक तंत्रज्ञ आला. "द्या मॅडम इकडे" म्हणत त्याने माऊस काढून घेतला, चार-पाच वेळा टकटक केलं आणि "झालं" म्हणून निघून गेला. काय झालं ते त्यालाच ठाऊक. आणि वरचे साहेब? "राहू द्या हो, तुम्ही देवघेव सांभाळा." सत्तावीस वर्षं पुस्तकांना विषयवार वर्गांक देण्यात गेलेल्या बाईला हे वाक्य कसं लागतं, ते जाऊ दे.

तू आलीस आणि शिकवायला सुरुवातच केली नाहीस. उलट मलाच विचारलंस, "मॅडम, नवं नियतकालिक आलं की तुम्ही आधी काय करता?" म्हटलं, दाखल करते, शिक्का मारते, अनुक्रमणिकेची झेरॉक्स काढते आणि ज्याचा जो विषय त्याला पाठवते. आमच्या भाषेत करंट अवेअरनेस सर्व्हिस. "मग फीड म्हणजे तेच. अनुक्रमणिका आपणहून तुमच्या टेबलावर येते, एवढाच फरक." कात्री आणि डिंक घेऊन वर्षानुवर्षं कात्रणं चिकटवलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायला हवं होतं?

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. तुझ्या हातांसाठी.

तू माझ्या शेजारी स्टूल ओढून बसलीस आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवलेस. आधी वाटलं, थंडी वाजतेय. मी ते नारंगी चौकोनी चिन्ह शोधत होते, तो ठिपका आणि त्यावरच्या दोन कमानी. बाण पडद्यावर भलतीकडेच हिंडत होता. तुला ते पहिल्या क्षणीच दिसलं असणार. तुझा खांदा एकदा पुढे आला, मला दिसला तो, आणि परत मागे गेला. तू काही बोलली नाहीस. पुरती दोन मिनिटं गेली असतील. मग मलाच ते सापडलं, पानाच्या अगदी तळाशी. तू फक्त "हं" म्हणालीस. त्या "हं"मध्ये ना कौतुक होतं, ना कंटाळा. म्हणून तो मला इतका आवडला.

नंतर तू सांगितलंस की १९९९ साली नेटस्केपने हे आणलं तेव्हा आरएसएस म्हणजे आरडीएफ साइट समरी होतं, काही महिन्यांत रिच साइट समरी झालं, आणि रिअली सिंपल वगैरे २००२ चं. म्हणजे एका संक्षेपाची तीन विस्तारित रूपं! ग्रंथालयाच्या तालिकेत तीन "पाहा" नोंदी, म्हणजे एका नावाकडून दुसऱ्याकडे धाडणाऱ्या नोंदी, घालाव्या लागतील, असं मी म्हटलं, तेव्हा तू पोट धरून हसलीस. बनवणाऱ्यांचंच एकमत नाही म्हटल्यावर माझी धास्ती निम्मी उतरली.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. हावरटासारखी नव्वद-पंच्याण्णव फीड्स जोडून बसले. सोमवारी उघडलं तर न वाचलेल्यांचा आकडा बघून छातीत धस्स झालं. "सगळं वाचलं अशी खूण करा" हे तुझं वाक्य मला अजूनही पाप वाटतं. आणि टॅगवरून, म्हणजे लेखांना लावायच्या विषयशब्दांवरून, आपण भांडलो ते भांडलोच. मी जिथे "मूल्यमापन" लिहिते, तिथे तुम्ही पोरं "परीक्षेआधी वाचा" लिहिता. पण वाचक शोधताना काय टाइप करतो? तुझंच. आता दोन्ही लिहिते. जोडलेल्या फीड्सची सगळी यादी ओपीएमएल फाइलमध्ये (अशी यादी एका वाचकातून दुसऱ्यात नेता येणारी फाइल) उतरवून घ्यायचा तुझा हट्ट मात्र लगेच पटला. फीड वाचायची गूगलची सेवा, गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाली तेव्हा अशी फाइल ज्यांच्याकडे होती, त्यांना दुसरीकडे घर मांडणं सोपं गेलं. दाखल नोंदवहीची दुसरी प्रत ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

हुशार माणसं मी रोज बघते. ग्रंथालयात त्यांना काय तोटा! पण येत असलेली गोष्ट दुसऱ्याला चाचपडत करू देणारी फार थोडी. त्याला वेळ लागतो, आणि आपण हुशार दिसत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, मी जन्मभर घोकलं. तू माझा वेळ वाचवला नाहीस. स्वतःचा खर्च केलास.

तुझी,
ग्रंथपाल मॅडम

ता. क. तुझ्याकडच्या दोन पुस्तकांची मुदत मागच्या शुक्रवारी संपली. दंड माफ होणार नाही. आभार वेगळे, देवघेव वेगळी.