नोहाचे तारू: ‘सापडले’ छापता, तसे पुढचेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात ‘नोहाची नौका अखेर सापडली?’ या मथळ्याखाली तुर्कस्तानातल्या नावेच्या आकाराच्या टेकाडाचे मोठे छायाचित्र आले आहे. जमिनीत रडारच्या लहरी सोडल्यावर आत पोकळ्या दिसल्या आणि तिथली माती साडेतीन ते पाच हजार वर्षांपूर्वीची निघाली, असे बातमी सांगते. बायबलात महापुरातून माणसे आणि प्राणी वाचवणारी नोहाची नौका शेवटी अरारातच्या पर्वतांवर टेकते, तीच ही, असा दावा आहे. हे टेकाड माझ्या जुन्या ओळखीचे आहे, म्हणून हे पत्र.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. १९९३ च्या सुमारास याच टेकाडाचे एक कात्रण मी वर्गाबाहेरच्या फलकावर लावले होते. मधल्या सुट्टीत मुले डबे हातात घेऊन ते वाचायला गर्दी करत. पुढे त्या शोधाचे काय झाले, हे कुठेच वाचायला मिळाले नाही आणि मीही खोलात गेलो नाही. निवृत्तीनंतर या विषयावर मिळेल ते वाचले, तेव्हा सगळा प्रकार समजला. ती मुले आता चाळिशीपलीकडे गेली. त्यांना आठवत असेल तर ते कात्रणच. याची मला मनापासून खंत आहे.

टेकाडाची हकिकत अशी. १९५९ साली इल्हान दुरुपिनार या तुर्की लष्करातल्या कॅप्टनला नकाशाच्या कामात, विमानातून काढलेल्या छायाचित्रांत हा आकार दिसला. अरारात पर्वताच्या दक्षिणेला, साधारण तीस किलोमीटरवर. १९६० मध्ये पथक गेले, खोदून पाहिले. माती आणि दगड मिळाले, लाकूड नाही. पुढे १९७७ पासून रॉन वायट या अमेरिकी गृहस्थांनी जहाजाचे खिळे, नांगराचे दगड मिळाल्याचे सांगून ही जागा जगभर गाजवली. १९८७ मध्ये तिथे पर्यटकांसाठी केंद्रही उभे राहिले. वायट यांच्याबरोबर काम केलेले डेव्हिड फासोल्ड हे बुडालेली जहाजे काढण्यातले जाणकार. ही नौकाच आहे, असे तेही सांगत. त्यांनीच १९९६ मध्ये लॉरेन्स कॉलिन्स या भूशास्त्रज्ञांबरोबर लेख लिहिला आणि हा निसर्गाने घडवलेला आकार आहे, असे जाहीर केले. ‘खिळे’ म्हणजे खडक झिजून तयार झालेल्या लोहयुक्त गाठी निघाल्या. ‘नांगर’ तिथल्याच ज्वालामुखीच्या दगडाचे होते. जन्मभराचे मत असे चारचौघांत मागे घ्यायला फार मोठे मन लागते. ती बातमी माझ्या फलकापर्यंत कधीच आली नाही.

आता मातीच्या वयाचे. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्या काळ्या खडकावर उभा आहे त्याचे वय काढले, तर सहा-साडेसहा कोटी वर्षे निघेल. म्हणून किल्ला तेवढा जुना ठरतो का? माती पाच हजार वर्षांची असेलही. नौका पाच हजार वर्षांची म्हणायची तर आधी नौकेचे लाकूड हाती यायला हवे.

आणि लाकडाचे काय होते, ते खाडीकाठच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या घरामागे खाडीच्या चिखलात एक मोडके गलबत पडलेले होते. चांगले सागवानी. मी शाळेत जायचो तेव्हा त्यात चढून खेळता येत असे. नोकरीला लागलो तोवर फळ्या गेल्या होत्या, नुसत्या फासळ्या वर दिसत. लग्नानंतर बायकोला दाखवायला नेले, तर ओहोटीला तळाचा एक वासा तेवढा होता. बोट लावले की भुसा पडे, आणि खिळ्यांच्या जागी गंजाचे लाल डाग. चाळीस वर्षेही झाली नव्हती. नौका टेकाडात नसून अरारातच्या माथ्यावर बर्फात आहे, असेही काही जण म्हणतात. बर्फात लाकूड टिकते हे खरे, पण तिथला बर्फ स्थिर नाही, तो सरकतो आणि खालचे सगळे भरडत नेतो. शिवाय ५,१३७ मीटरचा हा पर्वत मुळात ज्वालामुखी आहे.

लाकूड ‘मिळाले’ही आहे. फर्नां नावारा या फ्रेंच गिर्यारोहकाने १९५५ मध्ये अरारातच्या बर्फातून एक तुळई कापून आणली. रंग आणि घनता पाहून आधी तिचे वय पाच हजार वर्षे सांगितले गेले. कार्बन पद्धतीने तपासल्यावर ते लाकूड येशूच्या जन्मानंतरचे, पहिल्या हजार वर्षांतले निघाले. १९९३ मध्ये तर अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर एका माणसाने नौकेचा तुकडा म्हणून जे दाखवले, ते रेल्वेच्या स्लीपरचे लाकूड होते.

माझ्या ख्रिस्ती मित्रांचा, किंवा कोणाच्याच श्रद्धेचा, यात अनादर नाही. उलट मराठी बायबलातला ‘तारू’ हा शब्द मला फार आवडतो. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हाताचे माप आपल्या आजोबांचेही तेच. पण हिब्रूत ‘अरारातच्या पर्वतांवर’ असे अनेकवचन आहे, आणि अरारात म्हणजे तुर्कस्तानातल्या व्हान सरोवराभोवतीचे प्राचीन उरार्तू राज्य. एक शिखर त्यात सांगितलेलेच नाही. कुराणात नौका टेकते ती जूदी पर्वतावर. आपल्या शतपथ ब्राह्मणात महापुरात मनूची नाव मासा उत्तरेच्या पर्वताकडे ओढून नेतो, आणि महाभारताच्या वनपर्वात त्या शिखराला ‘नौबंधन’ नाव आहे. ते शिखर खणायला आपण कधी गेलो नाही, म्हणून मनूची गोष्ट उणी पडली नाही.

या विषयात खरोखर हाती लागलेली वस्तू मातीची आहे. नोटांच्या ठशांचे कोरीवकाम शिकलेला जॉर्ज स्मिथ ब्रिटिश म्युझियममध्ये निनवेहून, म्हणजे आजच्या इराकातल्या प्राचीन नगरातून आलेल्या, मातीच्या कोरीव लेखांच्या पाट्यांचे तुकडे वाचत बसे. १८७२ मध्ये त्याला एका पाटीवर नोहाच्या गोष्टीसारखीच कथा, महापूर, डोंगरावर टेकलेली नाव आणि सोडलेले कबूतर सापडले. मजकूर मधेच तुटला होता. तेव्हा लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने एक हजार गिनी देऊन स्मिथला निनवेला पाठवले आणि १८७३ मध्ये त्याने तिथून पुराच्या कथेचा आणखी एक तुकडा खणून आणला. एका वर्तमानपत्राने नोहाच्या गोष्टीसाठी केलेले हे काम आहे.

आपल्याकडून माझी अपेक्षा याहून पुष्कळ लहान आहे. टेकाडाची पुढची बातमी येईल तेव्हा लाकूड मिळाले का, ते कोणी तपासले आणि १९९६ मध्ये काय ठरले, एवढ्या चार ओळी त्याच पानावर, छायाचित्राखाली द्या. ते कात्रण मी आमच्या जुन्या शाळेत नेऊन त्याच फलकावर लावीन. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
जि. रायगड