कंदिलाच्या एसव्हीजी फाइली उघडण्याआधी हे वाचा

मंडळी, "फाइल ब्राउझरमध्येच उघडते, खराब आहे का?" असं बऱ्याच जणींनी विचारलंय. फाइल चांगली आहे. एसव्हीजी म्हणजे आकारांचं मजकुरात लिहिलेलं वर्णन. डबल-क्लिक केलं की संगणक ते बहुधा ब्राउझरकडे सोपवतो. तिथला स्क्रीनशॉट मात्र कृपया कापायला देऊ नका, कडा दातेरी येतात.

आधी झिप (फाइलींचं गाठोडं) एक्स्ट्रॅक्ट करा, म्हणजे आतल्या फाइली बाहेर काढा. मग क्रिकट या कागद कापायच्या मशीनच्या डिझाइन स्पेस सॉफ्टवेअरमध्ये अपलोडमधून एसव्हीजी निवडा. सिल्हूट मशीनच्या सिल्हूट स्टुडिओ सॉफ्टवेअरच्या मोफत बेसिक आवृत्तीत ती उघडणार नाही. ती आवृत्ती वापरणाऱ्यांनी सोबतची डीएक्सएफ (त्याच आकारांची दुसऱ्या प्रकारची फाइल) घ्यावी. मशीन नसेल तर मोफत मिळणाऱ्या इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून प्रिंट काढून हाताने कापा, कंदील तितकाच देखणा होतो.

आता माप, आणि हे खरंच महत्त्वाचं. इलस्ट्रेटर हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर एका इंचाला ७२ पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) धरतं, इंकस्केप ९६. त्यामुळे इलस्ट्रेटरमध्ये केलेली कंदिलाची १२ इंचांची पट्टी इंकस्केपमध्ये ९ इंचांची होऊन उघडू शकते. गेल्या दिवाळीत माझे सहा ताव असेच वाया गेले. कापण्याआधी रुंदी १२ इंच आहे ना, ते बघाच. नसेल तर मापाशेजारचं कुलूप बंद ठेवून फक्त रुंदी बदला, उंची आपोआप जुळेल. अडलात तर रात्री नऊनंतर मला फोन करा.