पाऊस गावागावात मोजा

महोदय,
२०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. एरवीच्या तारखा १ आणि ११ जून. पुढे मात्र तो जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. मुंबईच्या बातम्या पाहून आमच्याकडे अनेकांनी घाईने सोयाबीन पेरले. ओल जेमतेम बोटभर. कोवळ्या रोपांनी दुपारच्या उन्हात माना टाकल्या. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणताना काय वाटते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या गटाच्या, मुख्य गावी, आणि इकडे आठ किलोमीटरवर टिपूस नाही! प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवा. ७५ ते १०० मिलिमीटर पावसाशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. मग गावात पडलेल्या पावसाचा आकडा रोज संध्याकाळी चावडीच्या फळ्यावर लिहा.
– एक शेतकरी, जि. धाराशिव