सूचना : गव्हावरच्या तांबेऱ्याची पाहणी याच आठवड्यात करा

सर्व गहू उत्पादक सभासदांना विनंती. पहाटे दव आणि दिवसा ढगाळ हवा असली की तांबेरा हा बुरशीजन्य रोग झपाट्याने पसरतो. शिरूर, दौंड, बारामतीकडचा उशिरा पेरलेला गहू आणि लोक-१ हा वाण आधी तपासा.

बांधावरून पाहून उपयोग नाही. आत शिरून खालची पाने उलटीसुलटी बघा. नारिंगी फोडावर बोट फिरवा. बोटाला भुकटी लागली तर तांबेरा. पान नुसते पिवळे आणि बोट स्वच्छ, तर बहुधा नत्र कमी पडले आहे किंवा पाणी साचले आहे. तिथे बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. खोडावर साल फाटून आलेले लांबट, तपकिरी फोड जास्त घातक, पुढे ते काळे पडतात.

फोड दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. एकरी २०० लिटर पाणी लागतेच; पाणी वाचवले की औषध खालच्या पानांवर पोहोचत नाही. दव सुकल्यावर, वारा नसताना फवारा. १५ दिवसांनी नवे फोड दिसले तरच पुन्हा. काढणी जवळ असेल तर डब्यावरचा प्रतीक्षा काळ (फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचे) आधी वाचा. जादा युरिया टाळा, माजलेल्या पिकात ओल टिकते.

ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी म्हणजे काणी, हाही बुरशीचाच रोग. कागदी पिशवी अलगद चढवून मगच उपटा आणि जाळा. झटकली तर भुकटी शेजारच्या फुलोऱ्यावर बसते. बुरशी दाण्याच्या आत राहते, बी वरून निरोगीच दिसते, म्हणून त्या शेतातले बियाणे ठेवू नका. जव पेरलेल्यांनीही हेच पाळावे.