विषय : 'डायव्हर्स २०० मी.' लिहिलेल्या घड्याळात वाफ, आणि "पाण्यात का घातलंत?" हा तुमचा प्रश्न

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला मी सातव्यांदा फोन केला. आता फोन बंद. यापुढे जे काही असेल ते लेखी.

तुमचं ऑटोमॅटिक डायव्हिंग घड्याळ मी अकरा महिन्यांपूर्वी घेतलं. मॉडेल आणि सिरियल नंबर तक्रारीच्या नोंदीत आहेत. तबकडीवर 'डायव्हर्स २०० मी.' असं छापलंय, मागच्या झाकणावरही तेच कोरलंय. हा शब्द घड्याळावर घालायचा तर आयएसओ ६४२५ हे डायव्हिंग घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक पाळावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांत नमुन्यादाखल काही तपासली तरी चालतं. इथे एकूणएक घड्याळ तपासावं लागतं, आणि तेही लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली. २०० मीटर पाण्याचा दाब २० बार, म्हणजे माझं घड्याळ २५ बारचा दाब सोसून मगच डब्यात बंद झालेलं असायला हवं. ते दीड मीटर खोल तरणतलावात वापरलं जात होतं. तिथे दाब किती? ०.१५ बार.

मी कटकट करणारा ग्राहक नाही. घड्याळ हातात आलं तेव्हा बेझलवरचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरचा, त्रिकोण १२ च्या खुणेपासून अर्धं घर सरकलेला होता, तरी मी गप्प बसलो. दिवसाला बारा सेकंद पुढे जायचं, तेही चालवून घेतलं, कारण तुमच्या पुस्तिकेत +४० ते −२० सेकंद लिहिलंय आणि या किमतीच्या मशीनकडून त्याहून जास्त मागणं बरोबर नाही, हे मला कळतं. वीस वर्षं बॅटरीवर चालणारी घड्याळं वापरल्यावर हे माझं पहिलं ऑटोमॅटिक. हाताच्या हालचालीवर चालणारं, सेकंदाला सहा ठोके टाकणारं हे मशीन मी रात्री उशाशी ठेवून ऐकायचो. पोहायला लागलो तेव्हा दर फेरीआधी बेझल फिरवून वेळ धरायची सवय लागली. हे घड्याळ मला मनापासून आवडतं, म्हणूनच इतकं लिहितोय.

तीन महिन्यांपूर्वी तलावातून निघालो, उन्हातून चालत आलो आणि एसी असलेल्या खोलीत शिरलो. काचेवर आतून वाफ धरली. चावीच्या (वेळ लावायच्या बटणाच्या) बाजूने सुरू झाली आणि बघता बघता निम्मी तबकडी दिसेनाशी झाली. आतल्या हवेत ओल असली की काच थंड होताच ती तिथे जमते. म्हणजे ओल आत शिरली होती. त्याच दिवशी घड्याळ तुमच्या सर्व्हिस सेंटरला दिलं. चोवीस दिवसांनी परत मिळालं. जॉब शीटवर एकच ओळ : 'कोरडे करून दिले.' गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बदलल्याचा रकाना कोरा. प्रेशर टेस्टचा रकाना कोरा. आणि मागच्या झाकणावर खाचेपासून कडेपर्यंत एक लांब ओरखडा. नखाने चाचपला तर नख अडकतं.

त्या रात्री मी घरीच तपासलं. तुमच्या तंत्रज्ञांना ही चाचणी माहीत असणारच, ती त्याच मानकात आहे. तिथे घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवतात, मी कोमट होईपर्यंत गरम कपड्यात गुंडाळून ठेवलं. काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवला, मिनिटभराने पुसला. थेंब होता त्याच जागी काचेच्या आतून टिकलीएवढा पांढुरका डाग. तो विरायला बराच वेळ लागला. चोवीस दिवस ठेवून घेऊन तुम्ही जे घड्याळ 'कोरडं' म्हणून दिलं, त्यात ओल तशीच होती. मी फोटो पाठवले. उत्तर आलं, "काही दिवस निरीक्षण करा."

निरीक्षण केलं. दीड महिन्यात घड्याळ दिवसाला सत्तर सेकंद पुढे जायला लागलं. पुन्हा जमा केलं. गेल्या आठवड्यात निकाल आला : 'चावी उघडी राहिल्याने पाणी गेले. ग्राहकाची चूक. वॉरंटी लागू नाही.' हे कशावरून ठरवलं, म्हणून प्रेशर टेस्टचा अहवाल मागितला. तो नाही. चाचणीच झालेली नाही!

आता आजच्या फोनबद्दल, कारण हे पत्र त्यासाठीच आहे. एकोणीस मिनिटं होल्डवर ठेवून मला 'सिनियर' अधिकाऱ्याकडे दिलं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण साहेब, तुम्ही ते पाण्यात का घातलंत?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, "डायव्हिंगचं घड्याळ आहे." ते म्हणाले, "हो, पण २०० मीटर हे टेस्टिंगचं रेटिंग असतं, वापराचं नाही." मी विचारलं, मग वापराचं किती? त्यावर, "पोहताना हात मारला की प्रेशर खूप वाढतं, साहेब. ते २०० मीटरच्याही वर जातं." मी म्हटलं, सेकंदाला दोन मीटर वेगाने हात मारला तर वाढणारा दाब ०.०२ बार भरतो, म्हणजे वीस सेंटीमीटर पाण्याइतका. २०० मीटर कुठे, वीतभर पाणी कुठे! ते म्हणाले, "हे टेक्निकल आहे, मला सांगता येणार नाही." टेक्निकल तर त्यांनीच काढलं होतं. शेवटी मी विचारलं, मग हे घड्याळ नेमकं कुठे घालायचं? "हात धुताना वगैरे चालेल." आणि लगेच, "आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?"

हात धुण्याचं ते वाक्य तुमच्या कंपनीच्या वतीने बोललं गेलं, तुमच्याकडे रेकॉर्ड आहे, काढून ऐका. फिरत्या बेझलची ही घड्याळं १९५३ पासून माणसं पाण्याखाली जाताना बांधतात. बेझल एकाच दिशेने फिरतो, कारण चुकून धक्का लागला तर पाण्याखालचा वेळ जास्त दिसावा, कमी कधीच दिसू नये. कोणाच्या तरी जिवाचा विचार करून प्रत्येक भाग असा बेतलेला आहे. आणि तेच घड्याळ विकणारी कंपनी मला सांगते की ते हात धुण्यापुरतं आहे.

चावी मी कधीच उघडी ठेवलेली नाही. पाण्यात उतरण्याआधी दर वेळी ती पिळून घट्ट आहे का ते बघायचो, कारण पुस्तिकेत तसं लिहिलंय. तरी माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. यंत्रात ठेवा. हवेच्या दाबाखाली काच किती दबते आणि दबलेली राहते की नाही, हे काही मिनिटांत कळतं. गळतंय असं दिसलं, तर पाण्यातल्या चाचणीत बुडबुडे कुठून येतात ते डोळ्यांनी दिसेल. चावीतून आले तर बोलू. पण मागच्या झाकणातून आले, तर ते झाकण मी उघडलेलं नाही. ते तुमच्याच माणसाने उघडलं, ओरखडा पाडला, आणि गॅस्केट न बदलता परत लावलं. तो ओरखडा कसा पडला, याचं उत्तर मला एकाही फोनवर मिळालेलं नाही.

माझी मागणी अशी. प्रेशर टेस्ट करून लेखी अहवाल द्या. चावीचं, झाकणाचं आणि काचेचं, तिन्ही गॅस्केट बदला. मशीन उघडून गंज तपासा, विशेषतः घड्याळाची गती सांभाळणारी केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग, कारण दिवसाला सत्तर सेकंद उगाच वाढत नाहीत. झाकण नवीन लावा. हे जमत नसेल तर घड्याळ बदलून द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर दोन्ही जॉब शीट आणि फोटो घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. धमकी म्हणून लिहीत नाही, कागद लावून ठेवले आहेत.

घड्याळ अजून तुमच्याच सेंटरमध्ये आहे. परत नेण्यासाठी 'ग्राहकाची चूक मान्य' अशा कागदावर सही मागितली, ती मी केली नाही आणि करणार नाही. चाचणी कोणत्या दिवशी करणार ते कळवा. मी तिथे येईन आणि बुडबुडे कुठून येतात ते समोर उभा राहून बघेन.

आपला,
एक ग्राहक