मटणाच्या दुकानामागची कुत्री

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भटक्या कुत्र्यांवर पेपरात रोज काहीतरी असतंच, कुणाला चावलं, रेबीजची लस आहे का नाही वगैरे. पण न चावता कुत्र्याकडनं काय येतं यावर कुणी बोलत नाही. सांगलीत रविवारी दुपारी मटणाच्या दुकानामागं जाऊन बघा. काळजावर नाहीतर फोपशावर पांढरट पाण्याचा फोड दिसला की गिऱ्हाईक नको म्हणतं आणि तो तुकडा मागं कुत्र्यांना, म्हणजे नेमका खराब माल त्यांच्या पोटात. तो फोड म्हणजे हायडॅटिड, त्यात एका टेपवर्मची पिल्लं असतात.

कुत्र्याच्या आतड्यात दीड-दोन महिन्यात त्याचे जंत तयार होतात, जेमतेम अर्धा सेंटीमीटर, त्यामुळं सहजी नजरेला पडत नाहीत आणि कुत्रं आपलं टणटणीत. अंडी मात्र घाणीतनं पडत राहतात, ती मातीत, कुत्र्याच्या केसांवर, कोथिंबिरीच्या पेंडीवर, आणि हात न धुता जेवलं की आपल्या पोटात. मग लिव्हरमधे नाहीतर फुफ्फुसात तसलाच फोड, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतो, भलत्याच कारणानं सोनोग्राफी केली की कळतं, मोठा असला तर ऑपरेशन.

मटण खाऊन हे होत नाही हो, आखाडाच्या तोंडावर उगं कुणी घाबरू नका. मधे कुत्रं लागतंच. जत-आटपाडीकडं तर मेंढरं आणि कुत्री एकत्रच, घरी बकरं कापलं की नको ते सगळं दारातल्या कुत्र्याला.

ऑगस्ट २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की पकडलेली कुत्री नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन सोडा. चांगलंय, पण एकदा गोळी दिली आणि दुकानामागं परत तेच कच्चं काळीज मिळालं तर काय उपयोग, दोन महिन्यात पुन्हा अंडी सुरू. आधी दुकानांना झाकणाचा डबा सक्तीचा करा आणि तो माल रोज उचलून खोल पुरा. घरी कुत्रं पाळणाऱ्यांनी जनावरांच्या डॉक्टरला विचारून प्राझिक्वांटेल असलेलीच गोळी द्यावी, जंताची कुठलीही गोळी यावर चालत नाही. आणि मुकं जनावर म्हणून कुणाला काळीज घालायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास खळखळ उकळून घाला.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली